आकाशपटावरील सोंगट्या : हवाई युद्धाचे खेळ आणि वैमानिकाच्या कौशल्याचे मोजमाप

दिल्ली व तिच्या आसमंतात वसलेल्या मराठी समाजाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्यातील एक प्रकरण वायुदलासाठी राखून ठेवावे लागेल. पालम, हिंडन, सुब्रोतो पार्क, वायुभवन ही नावे आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या पत्त्यांत वर्षानुवर्षे वावरली आहेत. हृषीकेश मुळगावकर (1976–78), अनिल यशवंत टिपणीस (1998–2001), प्रदीप वसंत नाईक (2009–11) आणि विवेक राम चौधरी (2021–24) हे मराठी अधिकारी ह्याच नगरीत वायुदलप्रमुखाच्या आसनावर बसले. जानेवारीच्या धुक्यात प्रजासत्ताकदिनाच्या सरावासाठी विमाने डोक्यावरून गर्जत जातात, तेव्हा गच्चीवर धावणाऱ्या मुलांना विमानांची नावे तोंडपाठ असतात. परंतु त्या विमानांत बसलेल्या माणसांविषयी आपणांस किती ठाऊक असते?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही ह्याच प्रश्नाकडे थोड्या आडवाटेने जाऊ इच्छितो. ही आडवाट म्हणजे युद्धक्रीडा. इतिहासातील लढाया पटावर, कागदावर किंवा संगणकावर पुन्हा मांडण्याचा छंद जगात अनेकांना आहे आणि सैन्यदलांत तर तो शिक्षणाचाच भाग आहे. ह्या खेळांत विमानाचा वेग, तोफांचा पल्ला, इंधनाचा साठा ही सर्व अंकांत मांडता येतात. परंतु विमान चालविणाऱ्या माणसाचे कौशल्य अंकांत कसे मांडावे? हा प्रश्न वरवर पाहता खेळाचा आहे. आमच्या मते तो इतिहासाचा आणि काही अंशी न्यायाचाही प्रश्न आहे.

पट आणि फासे

युद्धाचा खेळ ही कल्पना परदेशातून आपल्याकडे आली असा कुणाचा समज असेल, तर तो दूर केला पाहिजे. चतुरंग हे नावच मुळी सैन्याचे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही त्याची चार अंगे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात ह्या खेळाचा उल्लेख येतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर ह्याने रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाला स्थान दिलेले आहे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्बेरुनीने येथील चौघांनी खेळावयाच्या प्रकाराचे वर्णन केले आहे. त्यात फासे टाकून कोणते मोहरे हलवावयाचे ते ठरत असे.

ही फाशांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे बुद्धिबळातून फासे गेले आणि तो निव्वळ बुद्धीचा खेळ झाला. त्यात घोडा हा घोडाच असतो. तो कुणाच्या मांडीखाली आहे, ह्याने त्याच्या चालीत फरक पडत नाही. प्यादे घाबरत नाही, थकत नाही आणि समोरचे मोहरे त्याला दिसले नाही असेही होत नाही. बुद्धिबळ हा थोर खेळ आहे, परंतु युद्धाचे चित्र म्हणून तो अपुरा पडतो तो ह्याच ठिकाणी.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियातील फॉन रायस्विट्झ पितापुत्रांनी ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. पित्याने राजासाठी भूप्रदेश दाखविणारा पट सिद्ध केला आणि पुत्राने 1824 साली त्याला नकाशा, नियम व फासे ह्यांची जोड दिली. गोळीबाराचा परिणाम फाशाने ठरे आणि दोन्ही पक्षांमध्ये एक पंच बसे. एका पक्षाला दुसऱ्या पक्षाची जेवढी हालचाल प्रत्यक्ष रणांगणावर दिसली असती, तेवढीच पंच त्याला सांगे. पुढे 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ ह्या प्रशियन अधिकाऱ्याने फाशांचे व कोष्टकांचे जंजाळ बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सर्व भार टाकावा असे सुचविले. नियम मोठा की जाणत्याचा अनुभव मोठा, हा वाद तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही. अमेरिकेत 1958 साली स्थापन झालेल्या ॲव्हलॉन हिल ह्या कंपनीने असे खेळ सामान्य घरांत नेले आणि 1970 नंतरच्या दशकात पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांतील हवाई लढायांचे पट बाजारात आले. मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे, त्यांवर पुठ्ठ्याची विमाने आणि हाती फासे, असे त्यांचे रूप होते.

आकाशाला रस्ता नाही

जमिनीवरील लढाईत डोंगर, नदी व रस्ता ह्यांचे बंधन असते. आकाशात ह्यांपैकी काही नाही. आणि म्हणूनच आकाशाचा पट मांडणे अधिक कठीण. येथे उंची हीच जमीन. ज्याच्यापाशी उंची आहे त्याने ती मोडून वेग विकत घ्यावा, आणि ज्याच्यापाशी वेग आहे त्याने तो खर्चून उंची मिळवावी. हा जमाखर्च प्रत्येक गिरकीगणिक चालू असतो. तीव्र वळण घेतले की वेग खर्ची पडतो, आणि वेग संपलेले विमान म्हणजे सावकाराच्या दारी उभा असलेला कर्जदार. 1960 नंतरच्या दशकात जॉन बॉइड ह्या अमेरिकन वैमानिकाने गणितज्ञ टॉमस ख्रिस्ती ह्याच्या साहाय्याने हा जमाखर्च सूत्रबद्ध केला. कोणते विमान कोणत्या उंचीवर व वेगात दुसऱ्यास भारी पडेल, ह्याचे आलेख त्यामुळे काढता येऊ लागले.

यंत्राचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. आपल्या वायुदलातील नॅट आणि पाकिस्तानचे सेबर ह्यांचेच उदाहरण घेऊ. सेबरच्या पंखांचा विस्तार सुमारे 11 मीटर, तर नॅटचा 7 मीटरांहूनही कमी. सेबरवर सहा मशिनगना होत्या आणि काही सेबरांवर साइडवाइंडर क्षेपणास्त्रेही असत. नॅटवर 30 मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, आणि त्या ऐन वेळी अडकत अशी त्यांची ख्याती होती. नॅट चपळ आणि चढण्यात तरबेज होते, शिवाय आकाराने इतके लहान की ते वेळेवर दृष्टीसच पडत नसे. हे सर्व पटावर मांडता येते. तोफ अडकण्याची शक्यतासुद्धा फाशाच्या एका दानाने दाखविता येते.

परंतु दोन अडचणी उरतात. पहिली अडचण अशी की, पटावर एक जण चाल करतो आणि मग दुसरा. आकाशात मात्र दोघेही एकाच क्षणी चाल करीत असतात. ह्यावर काही खेळांनी तोड काढली, ती अशी की दोघांनीही आपली चाल आधी गुपचूप कागदावर लिहावी आणि मग एकदम उघड करावी. दुसरी अडचण अधिक खोल आहे. पटावर सर्व काही सर्वांना दिसते. आकाशात तसे नसते. आजवरच्या हवाई युद्धांच्या अभ्यासातून पुन:पुन्हा निघालेला निष्कर्ष असा की, पाडल्या गेलेल्या वैमानिकांपैकी बहुसंख्यांना आपल्यावर हल्ला करणारा आधी दिसलेलाच नव्हता. म्हणजे ज्याला आपण द्वंद्व म्हणतो ते बहुतेक वेळा द्वंद्व नसतेच. ती पाठीमागून झालेली घात असते. ज्या खेळात दृष्टीला आडपडदा नाही, त्या खेळात वैमानिकाचे सर्वांत मोठे कौशल्य, म्हणजे आधी पाहणे, ह्याला जागाच उरत नाही.

घोडा आणि स्वार

इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर ह्याने 1916 साली विमानयुद्धावरील आपल्या ग्रंथात एक प्रसिद्ध नियम मांडला. दोन्ही पक्षांची शस्त्रे सारखीच असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येत असेल, तर बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पाच विरुद्ध तीन अशी लढत घेतली, तर पंचवीसातून नऊ वजा करावेत. उरलेल्या सोळाचे वर्गमूळ चार. म्हणजे तिघे संपतील तेव्हा पाचांपैकी चार शिल्लक असतील. गणित सुबक आहे. परंतु त्यात सर्व स्वार सारखे मानले आहेत.

मराठ्यांच्या इतिहासाशी परिचय असलेल्या वाचकाला हे गृहीतक पटणे कठीण. आपल्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता; बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वत:चा. परंतु घोडा कुणाचाही असो, स्वार कोण ह्यावर सारे अवलंबून असे. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव ह्यांच्या तुकड्या संख्येने मोगलांपुढे कितीशा होत्या? तरीही मोगलांच्या घोड्यांना पाण्यात धनाजी दिसे, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आख्यायिका म्हणून ती बाजूला ठेवली तरी तिच्यातील मर्म खरे आहे. कीर्ती हेही एक शस्त्र असते, आणि ते शत्रूच्या मनात चालते. 1965 नंतर नॅटला सेबरचा कर्दनकाळ असे नाव पडले, त्याचा परिणाम कोणत्या कोष्टकात मांडणार?

कौशल्य उपजत की अर्जित, ह्याविषयी एक उदाहरण आपल्याच देशाचे आहे. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात दाखल झाला. 1917 च्या अखेरीस त्याला अपघात होऊन तो जबर जखमी झाला आणि उड्डाणास अपात्र ठरला. खटपट करून तो पुन्हा आकाशात परतला, तो 40 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये जॉर्ज मॅकेलरॉय ह्या निष्णात वैमानिकाच्या हाताखाली. 6 जुलै 1918 पासून 19 जुलैपर्यंत त्याच्या नावावर दहा विजय नोंदले गेले, आणि 22 जुलै रोजी तो स्वत: धारातीर्थी पडला. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. आता सांगावे, ह्या तरुणाला खेळात कोणता अंक द्यावा? डिसेंबर 1917 चा अंक शून्याजवळ, जुलै 1918 चा सर्वोच्च; आणि त्या दोहोंमध्ये एक गुरू उभा आहे.

जगभरच्या नोंदी हेच सांगतात. हवाई युद्धात थोडे वैमानिक पुष्कळ विमाने पाडतात आणि पुष्कळ वैमानिक एकही पाडीत नाहीत. नवखा वैमानिक पहिल्या काही चकमकींतच सर्वाधिक धोक्यात असतो. त्यांतून तो वाचला की वाचण्याचा संभव झपाट्याने वाढतो. म्हणून कौशल्य हा स्थिर अंक मानणारा खेळ फसतो. ते अनुभवाबरोबर चढणारे, थकव्याबरोबर उतरणारे आणि शिक्षणाने वाढविता येणारे मूल्य आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन नौदलाने आपले एक विमान गमावून शत्रूची दोन-तीनच विमाने पाडावीत, अशी स्थिती होती. 1969 साली मिरामार येथे वैमानिकांना हवाई द्वंद्वाचे खास शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि युद्धाच्या अखेरच्या पर्वात हेच प्रमाण एकास बाराच्या घरात गेले. विमाने बहुतांशी तीच होती. स्वार घडविण्याची रीत बदलली होती.

आपल्या वायुदलानेही हाच धडा घेतला. 1 फेब्रुवारी 1971 रोजी पंजाबातील आदमपूर येथे डावपेच व युद्धविकास ह्यांसाठी एक खास स्क्वाड्रन उभारण्यात आले. तेच पुढे टॅकडी ह्या आद्याक्षरी नावाने प्रसिद्ध झाले, आणि जामनगरमार्गे आता ग्वाल्हेरीस, म्हणजे शिंद्यांच्या राजधानीत नांदत आहे. निवडक वैमानिकांना तेथे शत्रूच्या डावपेचांनी खेळणारा प्रतिस्पर्धी समोर ठेवून शिकविले जाते. अस्सल विमाने आणि लटकी क्षेपणास्त्रे घेऊन खेळलेली ही युद्धक्रीडाच होय.

नोंदींचे कोडे

आता आम्ही ह्या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळतो. वैमानिकाला अंक द्यावयाचा तो कशाच्या आधारे? अर्थातच युद्धातील नोंदींच्या. आणि नोंदी किती भरवशाच्या असतात?

3 सप्टेंबर 1965 चा दिवस घ्या. दोन दिवसांपूर्वी छांब क्षेत्रात आपली चार जुनी व्हॅम्पायर विमाने कामास आली होती. ह्या दिवशी 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची नॅट विमाने सेबरांशी भिडली आणि स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर ह्यांच्या नावावर पहिल्या सेबरचा विजय नोंदला गेला. देशभर आनंदीआनंद झाला. पुढे पाकिस्तानी बाजूची हकीकत उजेडात आली, ती अशी की ते सेबर जबर जखमी झाले होते, परंतु त्याच्या वैमानिकाने ते तळावर परत नेले. कीलर ह्यांच्या शौर्यात ह्याने तिळमात्र उणेपणा येत नाही. त्यांचे गोळे सेबरवर बसले होते आणि त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले. त्याच दिवशी आपले एक नॅट चकमकीपासून तुटून पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि पाकिस्तानच्या हाती गेले. एकाच दिवसाच्या ह्या दोन घटना दोन देशांच्या इतिहासांत अगदी वेगवेगळ्या रंगांत रंगविलेल्या आढळतात.

7 सप्टेंबर 1965 चा दिवस तर ह्या कोड्याचा कळस होय. पाकिस्तानच्या एम. एम. आलम ह्या सेबर-वैमानिकाने सरगोध्याच्या परिसरात एका मिनिटाच्या आत पाच हंटर विमाने पाडल्याचा दावा तिकडे शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचला आहे. भारतीय नोंदी त्या चकमकीत इतकी हानी मान्य करीत नाहीत. परंतु हानी झाली हे खरेच. त्या दिवशी सरगोध्याहून जे परतले नाहीत, त्यांत स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत हे होते. पाच की दोन, हा आकड्यांचा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. ज्या घरी तार गेली, त्या घरी आकडा एकच होता.

त्याच पहाटे आदमपूरहून 1 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने सरगोध्यावर चालून गेली होती. विंग कमांडर ओ. पी. तनेजा त्यांचे नायक. ठरलेल्या बारांपैकी एखादे विमान नादुरुस्त झाल्यास त्याची जागा घेण्यासाठी स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या राखीव होते. ते पाठोपाठ निघाले आणि परतले नाहीत. स्क्वाड्रनच्या नोंदीत तेवढेच राहिले. चौदा वर्षांनी, 1979 मध्ये, पाकिस्तानी बाजूची माहिती घेऊन एका ब्रिटिश लेखकाने लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यातून हळूहळू उलगडत गेले की, त्या सकाळी ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे एक स्टारफायटर मिस्टेअरवर तुटून पडले. आणि मार खाल्लेल्या मिस्टेअरने उलटून त्या स्टारफायटरलाच खाली आणले. त्याचा वैमानिक छत्रीने उतरून वाचला. मिस्टेअरचा वैमानिक देवय्या होते. तनेजा व इतरांच्या पाठपुराव्यानंतर 1988 साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

आता कल्पना करावी की, 1970 साली कुणी सरगोध्याच्या लढाईचा पट तयार केला असता. त्यात देवय्यांची सोंगटी केवळ हरवलेले विमान म्हणून बाजूला पडली असती. मिस्टेअरने स्टारफायटरला पाडावे, ही शक्यता नियमांच्या पुस्तकात लाखात एक म्हणून वगळलीच असती. कारण यंत्रांचे आलेख पाहता तसे घडू नये. तसे घडले, ते एका माणसामुळे. आणि त्या माणसाचे नाव लिहून ठेवणारा कुणी जिवंत परतला नव्हता. खेळाचे नियम नोंदींवर उभे असतात, आणि नोंदी जिवंतांच्या असतात. हा दोष खेळाचा नाही. परंतु खेळ मांडणाऱ्याने तो विसरता कामा नये.

ज्यांना कोणी पाहत नाही

कौशल्य केवळ विमानात बसलेल्याचे नसते, हे बोयराच्या चकमकीने शिकविले. 22 नोव्हेंबर 1971 रोजी, युद्धाची औपचारिक घोषणा होण्यापूर्वीच, पूर्व सीमेवर बोयरा येथे पाकिस्तानी सेबर विमाने आपल्या व मुक्तिवाहिनीच्या ठाण्यांवर मारा करीत होती. डमडमहून 22 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची चार नॅट विमाने झेपावली. मॅसी, सोरेस, गणपती आणि लाझारस हे त्यांचे वैमानिक. अवघ्या काही मिनिटांत निकाल लागला. भारताने तीन सेबर पाडल्याचे जाहीर केले. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे दोन पडली आणि तिसरे परतले. छत्रीने उतरलेले दोन वैमानिक आपल्या हाती लागले. त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी हे पुढे, 1997 साली, पाकिस्तानच्या वायुदलाचे प्रमुख झाले.

ह्या चकमकीचा पट मांडणारा बहुधा चार नॅट आणि समोरची सेबर एवढ्याच सोंगट्या ठेवील. परंतु खरा डाव जमिनीवरच्या रडारपाशी बसलेल्या फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची ह्या नियंत्रकाने मांडला होता. नॅट नेमकी सेबरांच्या पाठीमागे, योग्य उंचीवर आणि योग्य क्षणी पोहोचली ती त्याच्या दिग्दर्शनामुळे. आधी पाहणे हे सर्वांत मोठे कौशल्य, असे आम्ही वर म्हटले. येथे तो डोळा जमिनीवर होता. तद्वतच तोफा सज्ज ठेवणारा कारागीर, रात्रभर इंजिनाशी झटणारा तंत्रज्ञ, ह्यांची सोंगटी कोणत्याच पटावर नसते. दिल्लीतील मराठी घरांतून वायुदलात गेलेल्यांपैकी कित्येक जण ह्याच वर्गातील आहेत, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

उलटपक्षी, जेथे सारी साथ तुटते तेथे काय होते, ते 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरने पाहिले. सहा सेबरांच्या हल्ल्यात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों ह्यांनी बॉम्ब पडत असतानाच नॅट उडविले आणि जोडीदाराची दृष्टभेट तुटल्यावर ते एकटेच झुंजत राहिले. वायुदलाला मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. लँचेस्टरचे गणित येथे मांडून पाहावे : एकाचा वर्ग एक, सहाचा छत्तीस. गणिताप्रमाणे लढत सुरूच होऊ नये. ती झाली. इंडिया गेटजवळील राष्ट्रीय युद्धस्मारकात, 2019 पासून, परमवीरांच्या पुतळ्यांत सेखोंचाही पुतळा उभा आहे. मुलांना तेथे नेताना हे गणितही त्यांच्या कानी घालावे.

नियम कोण लिहितो?

युद्धक्रीडेच्या निकालापेक्षा तिचे नियम आधी तपासावेत, ह्याचे सुंदर उदाहरण ग्वाल्हेरीत घडले. फेब्रुवारी 2004 मध्ये तेथे भारतीय व अमेरिकन वायुदलांचा संयुक्त सराव झाला. अलास्काहून आलेल्या एफ-15 विमानांसमोर आपली सुखोई-30, मिराज-2000 आणि सुधारलेली मिग-21 होती. दहांपैकी नऊ लढती भारतीयांनी जिंकल्या अशा बातम्या पुढे झळकल्या आणि आपल्याकडे छाती फुगली. परंतु अमेरिकन विमाने त्या सरावात संख्येने पुष्कळ कमी होती आणि दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर त्यांनी बंधने स्वीकारली होती. म्हणून आपल्या वैमानिकांचे यश खोटे ठरते काय? मुळीच नाही. ज्या मिग-21 ला जगाने म्हातारे ठरविले होते, आणि जे अखेर 2025 साली सेवानिवृत्त झाले, त्यालाही कुशल स्वार मिळाल्यास पाहुण्यास घाम फुटतो, हे तेथे दिसले. परंतु नियम न वाचता निकाल सांगणे म्हणजे फासे कुणाच्या हाती होते हे न सांगता सारीपाटातील विजय सांगणे होय.

दिल्लीत ह्या शास्त्राची जोपासना चालू आहे. यमुनेकाठच्या मेटकाफ हाउसमध्ये संरक्षण संशोधन संघटनेची एक संस्था सैन्यदलांसाठी संगणकावरील युद्धक्रीडा सिद्ध करते. राव तुलाराम मार्गावरील युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्येही अशा क्रीडांना स्थान आहे. तेथेही प्रश्न तोच, जो प्रशियात पडला होता : किती भार कोष्टकावर टाकावा आणि किती जाणत्या पंचावर?

आमचे मत विचाराल तर, ऐतिहासिक हवाई युद्धाच्या खेळात चार गोष्टी अवश्य असाव्यात. एक, कोणाला काय दिसते हे लपविणारी व्यवस्था. दोन, अनुभवाने चढणारे व थकव्याने उतरणारे कौशल्य. तीन, जमिनीवरील नियंत्रकाची व विमानविरोधी तोफांची सोंगटी. ह्यातील तोफांचे महत्त्व ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर ह्यांच्या चरित्रावरून समजते : 1965 मध्ये जमिनीवरून आलेल्या गोळीने दंडास जखम होऊनही त्यांनी विमान परत आणले, 1971 मध्ये त्यांचे सुखोई-7 तोफांनीच पाडले, आणि नंतर रावळपिंडीच्या युद्धबंदी छावणीतून निसटण्याचे धाडस त्यांनी केले. चौथी गोष्ट म्हणजे फासा. कोष्टकात न मावणारे जे काही माणसात असते, त्यासाठी दाराची एक फट उघडी ठेवावी. देवय्या आणि सेखों त्या फटीतूनच आत येतात.

ह्या सर्व विवेचनाचा आपल्या मंडळाशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध निकटचा आहे. 1965 च्या युद्धाचा संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागात 1992 साली तयार झालेला ग्रंथ छापील रूपाने सामान्य वाचकाच्या हाती यावयास जवळजवळ दोन दशके लागली. तोवर आपल्या वैमानिकांची कथा जगाने बव्हंशी इतरांच्या लेखणीतून वाचली. जो लिहितो त्याची सोंगटी पटावर राहते. आपल्या कुटुंबांत निवृत्त वैमानिक आहेत, नियंत्रक आहेत, तंत्रज्ञ आहेत. त्यांच्या पेट्यांत जुन्या रोजनिशा, छायाचित्रे आणि उड्डाणवह्या आहेत. मंडळाच्या तरुणांनी त्यांच्यापाशी बसून, जे सांगण्यास मोकळीक आहे ते मराठीत उतरवून घ्यावे. पुढील पन्नास वर्षांत कुणी बोयराचा किंवा सरगोध्याचा पट मांडील, तेव्हा त्याला अंक कोठूनही मिळतील. माणसे मात्र आपल्याच घरांतून द्यावी लागतील.